राणी म्हशीची स्किन

"ताई, जरा खाली या. राणी आलीया."

राणी म्हणजे म्हैस. कसबा बावड्यात आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खाली मोटरसायकलच्या सीट कव्हरचं दुकान. त्या दुकानाच्या दारात ती रवंथ करत उभी होती. मी क्लायंटकडे, म्हणजे तिच्या मालकाकडे, नानांकडे, रेफरन्स फोटो मागितले होते. नानांनी सरळ रेफरन्सच आणला होता.

आमचं काम थोडक्यात सांगते, कारण ते माझ्या घरच्यांनाही अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर गेममधल्या माणसांना आणि गाड्यांना आम्ही नवं रूप देतो. त्याला स्किन म्हणतात. खालच्या दुकानात रेक्झिन सपाट पसरून कापतात आणि मग सीटवर चढवतात, तसंच हे. चित्र आमचं, पण ते ज्याच्यावर चढतं तो आकार गेमवाल्यांचा. चालही त्यांचीच, स्वभावही त्यांचाच. सीट कव्हर बदललं म्हणून गाडी जास्त अॅव्हरेज देत नाही, हे खालच्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजतं. जिना चढून वर आलेल्यांना समजत नाही.

नाना बावड्यातले गवळी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पुढे दामटतो आणि शिंगं रंगवलेली, मोरपिसं बांधलेली म्हैस भर गर्दीतून त्याच्या मागे धावते. मालक थांबला की म्हैस थांबते. राणी तर थांबून नानांच्या खांद्यावर तोंड टेकते. लोक खास ते बघायला येतात. यंदा तिचा पाय अधू झाला होता आणि जनावरांच्या डॉक्टरांनी पळवायला साफ मनाई केली होती. राणीशिवाय पाडवा, ही कल्पनाच नानांना सोसेना. मग गल्लीतल्या मंडळाच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला. चौकात पडदा लावायचा आणि राणीला मोटरसायकलच्या एका गेममध्ये पळवायचं.

आमचे बॉस सचिन सर म्हणाले, "होतंय की." सरांनी आजवर कुणाला 'होत नाही' म्हटलेलं नाही. ते म्हणायला त्यांनी मला पगार देऊन ठेवलं आहे.

"सर, त्या गेममध्ये म्हैस नाही."

"मग काय आहे?"

"बैल. परदेशी. गाडीचा आवाज ऐकला की चिडून मागे लागतो."

"मग झालं की. म्हैस पण मागंच लागते."

"ती नानांच्या ओढीनं लागते. हा मारायला लागतो. गाडी थांबली की शिंगावर घेतो."

"ते तेवढं बदल."

"ते स्किनमध्ये येत नाही."

"मग त्यांना थांबू नका म्हणावं." एवढी तांत्रिक अडचण सोडवून सर चहाला गेले.

मी कामाला लागले. नानांची गाडी पटकन झाली. टाकीवरचा पोचा, गवळ्याच्या हाताचे दुधाचे डाग, सगळं उतरलं. राणीनं घाम काढला. तिचा डावा कान फाटका आहे. तो फाडला की उजवाही फाटायचा, कारण जागा वाचवायला गेमवाल्यांनी बैलाच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलं होतं. शेवटी उजव्या बाजूची सोय वेगळी केली. नाना रोज येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.

"शिंगं अशी कशी ओ? राणीची मागं वळल्याती."

"आकार त्यांचा आहे, नाना. मी फक्त रंग देते."

"व्हय का. मग रंग तरी चांगला द्या."

आदल्या दिवशी मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि बजावलं, "काही झालं तरी थांबायचं नाही."

"न्हाय थांबत. पर शेवटाला तर थांबायचं न्हवं?"

"शेवटीही नाही. पडदा आम्ही बंद करू."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना हार न घालता लग्न लावायला सांगत होते.

पाडव्याला चौक भरला. पडद्यावर नानांची गाडी सुटली आणि मागून राणी. पिवळी-लाल शिंगं, गळ्यात माळ, फाटका कान. शिट्ट्यांनी कान बधिर झाले. खोटं कशाला बोलू, मला माझाच फार अभिमान वाटला. मी पडदा बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नाना, थांबा की आता."

नानांनी बटणावरून अंगठा काढला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डावा खांदा किंचित खाली केला. सवयीनं.

बैलानं त्यांना गाडीसकट उचलून शेजारच्या छपरावर फेकलं. पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरांत ते वारल्याचं जाहीर झालं. सचिन सर माइकवर म्हणाले, "किरकोळ टेक्निकल इश्यू आहे."

मला वाटलं, आता नाना आमचं काही शिल्लक ठेवत नाहीत. नानांनी कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"रंग झकास हाय, ताई. पर ही आमची न्हवं."

ते उठून घराकडे गेले. आम्ही वायरी गुंडाळत असताना कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला. नाना गाडीवर बसले नव्हते. इंजिन चालू ठेवून ते गाडी हातानं ढकलत पायी येत होते. मागे राणी, लंगडत, स्वतःच्या वेगानं. लोकांनी वाट करून दिली. शिट्टी कुणी मारली नाही. पडद्यासमोर येऊन नाना थांबले. राणीला पोहोचायला वेळ लागला, तोवर सगळा चौक वाट बघत उभा राहिला. ती आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, या प्रोजेक्टमधून आपण काय शिकलो. मी म्हटलं, स्किन म्हणजे नुसतं कातडं. खांद्यावर तोंड टेकणारी म्हैस त्यात भरता येत नाही, हे क्लायंटला आधीच सांगायचं.

सरांनी मान डोलावली. "पुढच्या पाडव्याला भरू की. होतंय की."