चंद्रावतीबायची हरकत

विचुंब्याच्या चंद्रावती भोपी हळू बोलायला कधी शिकल्याच नाहीत. तीस वर्षं त्यांनी नवीन पनवेलच्या रस्त्यावर भाजी विकली आणि गाड्यांच्या भोंग्यांवरून ऐकू जाईल असा आवाज कमावला. भाव पाडून मागणाऱ्याला त्या म्हणत, "परवडत नसल तर नुसती बघून जा, बघायचे पैसे नाय." एकसष्टाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हाही डॉक्टरांना त्यांनी एवढंच विचारलं, "औषध हाय का नाय, तेवढा सांगा."

औषध होतं. रोजची एक गोळी. ती एकच कंपनी बनवत होती, पेटंट तिचंच, आणि महिन्याच्या गोळ्यांची किंमत सून दिपिकाच्या शाळेतल्या पगारात मावत नव्हती. सरकारी इस्पितळातल्या जुन्या औषधावर त्या दिवस काढू लागल्या. त्यानं हाडं ठणकत, घास तोंडात फिरे, आणि आजार हटत नसे, नुसता थबके.

त्याच इस्पितळाच्या बाकावर पनवेलची फहमिदा भेटली. आजार तोच, न परवडणारी गोळीही तीच. फहमिदानंच कायदा शोधून आणला. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि औषध लोकांना परवडत नसेल, तर सरकार दुसऱ्या कारखान्याला ते बनवायचा परवाना देऊ शकतं. पेटंटवाल्याची मर्जी असो वा नसो. त्याला ठरवून दिलेला वाटा मिळतो. एका कारखान्यानं तसा अर्ज केलाच होता. त्याच्या बाजूनं रुग्णांची प्रतिज्ञापत्रं हवी होती. दोघींनी ती दिली.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना कंपनीचा माणूस विचुंब्याला चंद्रावतीबायच्या घरी आला. सत्यजीत त्याचं नाव. तरुण, जिभेवर साखर. फहमिदा तेव्हा तिथेच बसली होती.

"मावशी, चांगली बातमी आहे. आमच्या मदत योजनेत तुमचं नाव बसलंय. गोळ्या आयुष्यभर फुकट. फक्त इथं सही."

दिपिकानं फॉर्म वाचला. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: मी माझं प्रतिज्ञापत्र मागे घेत आहे.

"आनि हिचा नाव?" चंद्रावतीबायनी फहमिदाकडे बोट केलं.

"सध्या एकच जागा आहे, मावशी."

फहमिदानं त्यांचा हात धरला. "चंद्राबाय, सही कर. तुला माझी कसम. एक तरी जगू दे."

"करा, आई," दिपिकाही म्हणाली.

चंद्रावतीबायनी पेन घेतलं. एकेक अक्षर रोप लावावं तसं सावकाश लावत त्यांनी फॉर्मवर लिहिलं: हरकत राखून. औषध घेते. प्रतिज्ञापत्र मागे घेत नाय. मग सही केली.

हे शब्द आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नाहीत. सरकारनं शहर वसवायला इथल्या जमिनी घेतल्या, तेव्हा मोबदला घेताना ज्यांनी कागदावर हरकत लिहिली, त्यांनाच पुढे भांडता आलं. नुसती सही करणाऱ्यांची तोंडं कायमची बंद झाली. चंद्रावतीबायच्या सासऱ्यांनी नुसती सही केली होती.

"असं चालत नाही, मावशी. ही ओळ खोडा, नाहीतर फॉर्म रद्द."

"आमच्या भाताच्या शेतात शहर उभा केला. सासऱ्याला कोन इचारायला आलता, देतोस का म्हनून? लोकांच्या कामाला पायजे, म्हनून घेतला. किंमत बी घेनाऱ्यानीच ठरवली. आता लोकांना गोली पायजे, तर तुमच्या मालकाची मर्जी कशाला इचारायची?"

"जमीन वेगळी, शोध वेगळा. संशोधनाला वर्षं लागतात."

"आनि खारा पानी अडवून शेत करायला? तीन पिढ्या बांध घालत मेल्या. तुमाला वाटा मिलतोय ना? घ्या की! फुकट कोन मागतोय?"

फहमिदा डोळे पुसता पुसता हसली. "साहेब, चहा घेऊन जा. हिच्यापुढे घासाघीस करून आजवर कुणी जिंकलेलं नाही."

सत्यजीतनं चहा घेतला नाही. गोळ्याही आल्या नाहीत.

सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी चंद्रावतीबायना उभं केलं. "तुम्हाला औषध फुकट देऊ केलं होतं, हे खरं ना? मग परवडत नाही, असं कसं म्हणता?"

खोलीतले पंखे जुने होते, खडखडत होते. तरी मागच्या भिंतीपर्यंत प्रत्येक शब्द पोचला.

"मला देत होते, ह्या फहमिदाला नाय. एकीला गप बसवायला तुमाला परवडतो, तर सगल्यांना जगवायला का परवडत नाय?"

वकील कागद चाळू लागले. समोरचे अधिकारी लिहिता लिहिता म्हणाले, "आजी, तुम्ही बसा आता."

"काय लिवलाव ते आधी वाचून दाखवा," चंद्रावतीबाय म्हणाल्या. "मग बसते."