ओल्या मातीतली तहान

शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा ग्लास हाती घेतला, की शबानाआपा आधी खिडकीबाहेर पाहत. बाहेर त्यांच्या ज्वारीच्या कुंड्या होत्या. निम्म्या ओल्या, निम्म्या कोरड्या. अकोल्याच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. एकदा एका विद्यार्थिनीनं दया येऊन कोरड्या कुंड्यांत पाणी घातलं.

"कावून घातलं वं बाई?" आपा कळवळून म्हणाल्या. "तहान लागू दे त्यायले. मले काय हे आवडते?"

सगळी झाडं एकाच कणसाची लेकरं. दुसरा पराग नको म्हणून आपा कणसांना कागदी पिशव्या बांधत. पुढच्या हंगामात त्यांनी ओल्या-कोरड्या दोन्हींचं बी पेरलं आणि सगळ्यांना सारखंच भरपूर पाणी दिलं. ऊन चढलं तशी तहानलेल्यांच्या लेकरांनी पानं सुरळीसारखी गुंडाळून घेतली. माती ओलीच होती. शेजारची झाडं निवांत उघडी.

"यायनं दुष्काळ पाह्यलाच नाही," आपा हळूच म्हणाल्या. "आईनं पाह्यला. बीजातली अक्षरं तीच हायेत, वरच्या खुणा बदलल्या."

एपिजेनेटिक वारसा, म्हणजे जनुकं न बदलता पुढच्या पिढीत उतरणाऱ्या खुणा, मी वर्गात कितीदा शिकवला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा समोर पाहिला.

मग आपांच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून मिळू लागलं. त्या नुसते ओठ ओले करत. एका दुपारी म्हणाल्या, "कुंड्या सपनात येतात, मंगल. काही बोलत नाहीत. माह्याकडे पाहून राह्यतात."

त्या वर्षी तहानलेल्या झाडांच्या नातवंडांची पेरणी मी केली, पाणीही भरपूर दिलं. पानं पाहून दवाखान्यात गेले.

"गुंडाळली?" त्यांनी विचारलं. खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे दाखवायची त्यांना केवढी आस!

मी खरं ते सांगितलं. "थोड्यांनीच, आपा. बाकीची उघडी आहेत."

त्यांनी डोळे मिटले. "कुंड्या इसरून राह्यल्या म्हणजे. बरं झालं. बहोत अच्छा हुआ."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. बाळापूरला त्यांना माती दिली.

त्यांची लेक सना कॉलेजातलं सामान न्यायला आली, तेव्हा ऊन तापलं होतं. कुंड्यांपाशी थांबून तिनं विचारलं, "आंटी, यातल्या कोनाले अजून याद हाये?"

मी दाखवलं. ती खाली बसली. एक मिटलेलं पान तिनं बोटांनी अलगद उलगडलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

बोटं काढली, तसं ते पुन्हा मिटलं.