तीन पत्ते, तीन रंग

दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर तीन रंगीत ठिपके एकाखाली एक उगवले आणि मी चहा प्यायची विसरले. निळा कामाचा, पिवळा घरचा, हिरवा मुक्त विद्यालयाचा.

आठवीतच शाळा सुटली, पण ईमेलचे पत्ते मात्र तीन झाले. मी आपली एकातून पूर्ण बाहेर पडायची आणि मगच दुसऱ्यात शिरायची, घरी पुढचं दार लावून मगच मागचं उघडतात तसं. दहावीच्या प्रवेशाचं उत्तर यायचं होतं. ते बंद दाराआड पडून राहील, या धास्तीने मी दिवसभर आतबाहेर करत होते.

बेंगळुरूच्या या बेकरीत माझ्यासोबत नागपूरच्या शोभाताई आहेत. त्यांनी आधी दाखवलेल्या ॲपमध्ये सगळ्या मेलचा एकच ढीग होता.

"नको ताई, शाळेला उत्तर बेकरीच्या पत्त्यावरून गेलं तर?"

"किती घाबरून राहिली गं तू! मग हे घे. यात ज्याचा त्याचा रंग. आता काय मुहूर्त काढू?"

देव भलं करो त्यांचं! मी ठिपके बघतच बसले. इथे मी अक्का, घरी बेबी. माणूस असा ठिकठिकाणी वाटला जातो, पण एका जागी बसून सगळ्यांना ओ देता येते, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात हिरव्या ठिपक्यापुढे अक्षरं उमटली : 'प्रिय विद्यार्थिनी, आपला प्रवेश निश्चित झाला आहे.'

"ताई, मला विद्यार्थिनी म्हटलंय!"

"मग ओ दे की!"

उत्तर पाठवण्याआधी मी वरचा रंग पुन्हा पुन्हा पाहिला. हिरवाच होता.