सासऱ्यांनी लावलेली जर्जीर

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना आम्ही पुण्याहून इकडे आखातात, खलिफा सिटीला आणलं. ते फारसे बोलत नसत. ताटातलं अर्धंमुर्धं खाऊन उठत.

नोव्हेंबरात शेजारच्या इजिप्शियन बाईंनी जर्जीरची जुडी दिली. ही पालेभाजी इकडे जेवताना कच्चीच खातात. बाबांनी एक पान चावलं आणि थबकले.

"अगं, हा तर मुळ्याचा पाला वाटतोय. मोहरीसारखा नाकात जातो. याचं बी मिळेल का?"

कित्येक दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी बी आणलं. द्राक्षांच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यात त्यांनी ते पेरलं. चार दिवसांत कोंब आले, पण पाणी जास्त झालं आणि रोपं कुजून आडवी पडली. मला वाटलं, आता सोडून देतील. त्यांनी खोक्याला खालून भोकं पाडली, माती उन्हात वाळवली आणि पुन्हा पेरलं.

महिन्याभराने, एका शनिवारी, त्यांनी स्वतःच पानं खुडली. "आज भाजी मी करतो." या माणसाने आयुष्यात कधी चहासुद्धा केला नव्हता. लसणाच्या फोडणीवर पाला टाकून त्यांनी वर डाळीचं पीठ पेरलं. पाला आळून मूठभर झाला, पिठाचे गोळे राहिले.

"तिखटपणा कुठे गेला हिचा?"

"शिजवल्यावर कमी होतो, बाबा."

मग उरलेली पानं कच्चीच चिरून त्यांनी दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून हिंगाची फोडणी घातली. माझ्या मुलीने घास घेतला, डोळे मिटले. "आजोबा, इट्स सो स्पायसी! कॅन आय हॅव मोअर?"

बाबा हसले. मग पिठाच्या भाजीकडे बघत म्हणाले, "ती पीठ पेरल्यावर झाकण ठेवायची. मी विसरलो."

सासूबाईंबद्दल ते तेव्हा पहिल्यांदा बोलले. मग बोलतच राहिले. त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल, तिथल्या स्टोव्हबद्दल, तिच्या रागाबद्दलही. हात वाळले तरी आम्ही ताटांवरून उठलो नाही. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं, जर्जीरला फुलं आली आणि पानं कडू झाली. मे महिन्यात बाबा हट्टाने पुण्याला परतले. आता एकटे राहतात, स्वतःपुरतं रांधतात. परवा फोनवर सांगत होते, पीठ पेरून झाकण ठेवलं की भाजी आता मोकळी होते म्हणून.