देवीची काळी ताटली

पोलादपूरच्या डोंगरातला तो शिमगा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आठवला की आधी राग येतो, मग हसू.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नवाच फौजदार. नोकरीत येण्याआधी वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध पत्रकं वाटत गावोगाव फिरायचो; अंगावर वर्दी चढली तरी ती खोड गेली नव्हती. एका सकाळी एका वाडीचा पुढारी चार माणसं घेऊन ठाण्यात आला. खबर अशी की, देवीची काळी ताटली गुरवाने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकली आणि तिच्या जागी बाजारातली निळी बशी ठेवली. व्यापाऱ्याचा टेम्पो गुरवाच्या दारात थांबलेला सगळ्यांनी पाहिला होता.

"तुम्ही त्याला आत घ्या, नायतर शिमग्याच्या बैठकीत आम्ही त्याचं घर वाळीत टाकतो," पुढारी म्हणाला.

म्हणजे पुरावा नाही, पंचनामा नाही आणि शिक्षा मात्र तयार! वाळीत टाकलेल्या घराशी कोणी बोलत नाही, त्यांच्या मयताला कोणी खांदा देत नाही. आणि ही माणसं ते चहाचा घोट घ्यावा तसं सांगत होती. घर वाळीत टाकलंत तर आधी तुम्हालाच ठाण्यात बसवीन, असं मी त्यांना बजावलं. तक्रारीची नोंद केली आणि हवालदारांना घेऊन वाडी गाठली.

ताटलीला म्हणे कधी पाणी लागत नसे. शिमग्याला गुरवाने तिला खोबरेल चोळायचं, एवढाच रिवाज. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलावर समईची काजळी बसत गेली होती. तिचा काळ्याशिवाय दुसरा रंग कोणी पाहिलाच नव्हता. आणि देवळात तर पांढरीशुभ्र, निळ्या वेलीची, मधोमध निळा पक्षी असलेली बशी लखलखत होती.

गुरव साठीचा. दासगावला लेकीकडे गेला होता, परतला तर हा प्रकार. जबाब देताना रडकुंडीला आला. "सायेब, मी इकली नाय. पर ही तीच हाय असं तरी कुठल्या तोंडानं सांगू? मलाबी ती परकीच दिसते."

"दोन ठेवून दिल्या की बोलेल," हवालदार माझ्या कानाशी लागले.

"काय बोलेल? त्यालाच माहीत नाही."

व्यापारी महाडला सापडला. टेम्पोची झडती घेतली तर पितळी समया आणि कपाटाच्या मुठी. वाडीत गाडी तापली म्हणून पाणी मागायला थांबलो, असं त्याचं म्हणणं. ते खरंही निघालं. पाणी गुरवाच्या सुनेने दिलं होतं.

आता प्रश्न एकच उरला: बशी नवी की जुनी? मुंबईच्या एका संग्रहालयातल्या बाईंना मी विनंती करून बोलावलं. गुरवाच्या ओटीवर बसून त्यांनी आल्या आल्या बशी उलटी केली. इतके दिवस पुढारी, गुरव, हवालदार आणि मी, कोणालाच ते सुचलं नव्हतं.

"बाजारातली असती तर नक्षी छापाची असती, प्रत्येक पान सारखं," भिंग लावून बाई म्हणाल्या. "इथे हाताने कुंचला फिरलाय. निळा रंग कुठे साचलाय, कुठे विरलाय. बुडाच्या कडेला चकाकी नाही, भट्टीतली वाळू चिकटलीय. बशी चिनी आहे. दीड-दोनशे वर्षांची सहज."

गलबतांचा माल सावित्रीच्या खाडीतून वर यायचा, त्यातूनच ती आली असावी, असा त्यांचा अंदाज. मग त्यांनी बुडाच्या खाचेत सुई फिरवली. टोकावर काळा, चिकट मळ आला. मी वास घेतला. जळकं खोबरेल.

मी गुरवाला विचारलं, "घरात भांडी कोण घासतं?"

दाराआड उभ्या असलेल्या सुनेने मान खाली घातली. ती मुंबईत वाढलेली; नवरा तिकडेच नोकरीला, आणि वाडीतला तिचा हा पहिला शिमगा. सासरे नव्हते म्हणून तिने देवीची भांडी घरी आणली, ताटली सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली आणि काथ्याने घासली. रिवाज तिला कोणी सांगितलाच नव्हता.

"काजळीखालून तो निळा पक्षी निघाला तेव्हा मी एकटीच हसत होते, साहेब," ती म्हणाली. "नंतर सगळे 'चोरी झाली' म्हणून ओरडायला लागले. मग बोलायची हिंमतच झाली नाही."

बैठक देवळात भरली. बाईंनी समजावलं, मी सुई दाखवली. पुढारी मात्र हटेना. "आमची काळी होती, बस." तेव्हा मागून वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे आली. तिला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. ताटली हातात घेऊन तिने कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी टवका उडालेला होता, तिथे अंगठा अलगद बसला.

"लग्नाच्या दिवशी हिच्यातला अंगारा घेताना हितंच बोट टोचलं व्हतं माजं," ती म्हणाली. "आपलीच हाय रे. आंघोळ झालीय तिची."

सगळं देऊळ हसलं. शेवटी पुढाऱ्यालाही हसावं लागलं, पण गुरवाची माफी मागितल्याशिवाय मी त्याला उठू दिलं नाही. तक्रार निकाली काढली. पालखीपुढे ताटली गुरवाच्याच हातात होती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते सरळ लिहितो. माणसाला वाळीत टाकायला एक बैठक पुरते, आणि खरं कळायला नुसती बशी उलटी करावी लागते. तेवढेही कष्ट कोणी घेत नाही. पुढे नोकरीभर चोरीची फिर्याद आली की मी आधी विचारायचो, घरात साफसफाई कोणी केली? हवालदार गालात हसायचे.

त्या दिवशी निघताना कोणीतरी म्हणालं, ताटलीला पुन्हा काजळी फासू या. म्हातारीने त्याला गप्प केलं आणि सुनेकडे वळली.

"गो, पुढल्या शिमग्याला तूच घास. अजून काय काय निगतं ते बघू."