कॅसेटमधून कापलेले सर

वाशीच्या कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते, तेव्हा आमच्या गणिताच्या सरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. मी त्यांचीच विद्यार्थिनी. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. सर मला म्हणाले, "पोरांचं कॅल्क्युलस अर्धं राहिलंय. कॅसेट करून ठेवू. मी नसलो तरी तास झाला पाहिजे."

लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा आणला. आवाज येतो म्हणून वर्गातले पंखे बंद. घामाघूम सर गणित मांडायचे, "आता पुढं काय?" विचारायचे आणि फळ्याला टेकून गप्प उभे राहायचे. समोर मी आणि कॅमेरावाला. तरी ते प्रश्न बघून कधी थोडं, कधी पुरतं मिनिटभर थांबायचे.

मला तेव्हा फार अक्कल आली होती. व्हिडिओ सुटसुटीत हवा, पोरं कंटाळता कामा नयेत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दोन व्हीसीआर जोडून बसले आणि सरांचं सगळं थांबणं काढून टाकलं. चार कॅसेटी दोनात बसवल्या. मूळ चार वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांच्यावर कॉलेजच्या गॅदरिंगचं शूटिंग भरून घेतलं. प्राचार्यांनी कौतुक केलं, ते मी आठवडाभर मिरवलं.

ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. वर्गात टीव्ही लावला. पोरं माना खाली घालून नुसती उतरवत सुटली. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी जवळ आली. तिचे वडील मार्केटात हमाली करायचे. म्हणाली, "मॅडम, सर विचारतात नि लगेच आपणच उत्तर देतात. आमाला चान्सच नाय. सर रागावलेत का आमच्यावर?"

संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून ते वर्गात आले आणि टीव्हीशेजारी उभे राहिले. प्रश्न आला की पॉजचं बटण दाबायचे आणि पोरांकडे बघत राहायचे. हळूहळू उत्तरं यायला लागली.

असे सहा तास झाले. परीक्षेआधी सर गेले.

राहिलेले तास मीच घेतले. प्रश्न आला की मीही बटण दाबायचे. पण प्रत्येक ठिकाणी सर किती वेळ थांबले होते, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. ते मीच पुसलं होतं.