सिनेमाला नावं ठेवणारी ईरम्मा

सोलापुरात एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराला गिरणीतल्या बायका रविवारची दुपार राखून ठेवायच्या. त्या दुपारी पत्र्याच्या थेटरात खास बायकांचा खेळ असायचा. सिनेमे तेव्हा मुके. पडद्यावरची माणसं नुसतेच ओठ हलवायची, मध्येच अक्षरांची पाटी यायची आणि पडद्याशेजारी उभा राहून धोंडीराम ती खड्या आवाजात वाचायचा. धोंडीराम पूर्वी नाटक कंपनीत होता. 'प्राणप्रिये' हा शब्द तो असा काही म्हणायचा की बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या.

त्या बायकांतच ईरम्मा बसायची. अक्कलकोटाच्या पलीकडच्या खेड्यातली, कानडी बोलणारी. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पदरात मूल नव्हतं. सोलापुरात गिरणीत असलेल्या भावानं तिला आणलं आणि रिळाच्या खात्यात लावून दिलं. दिवसभर उभं राहून सुताच्या लडी काढायच्या, तुटला धागा जोडायचा. मराठी ती तिथंच शिकली, शेजारच्या यंत्रावरच्या सोजरबाईकडून. सोजरबाई तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी. ईरम्माला सिनेमाला पहिल्यांदा ओढून नेलं तेही तिनंच.

ईरम्माला वाचता येत नव्हतं. धोंडीरामाची नाटकी मराठी तिला निम्मी कळायची, निम्मी डोक्यावरून जायची. मग तिनं त्याचं बोलणं ऐकण्याचा नाद सोडला आणि नुसतं बघायला लागली. कोण कुठं उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडं चोरून बघतंय. दहा-पंधरा सिनेमे असे बघून झाल्यावर एका रविवारी नायक-नायिका बागेत बोलत बसले असताना ती सोजरबाईला हळूच म्हणाली, "आता कंबद किवी येणार बघ."

"काय येणार?"

"कंबद किवी. खांबाचा कान की गं."

तेवढ्यात पडद्यावर खांबाआडून एक पगडी पुढं सरकली. दुष्ट दिवाण सगळं ऐकत उभा होता. सोजरबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "आगं बया! तुला कसं कळलं? तू पाहिलायस व्हय हा खेळ?"

"हा न्हाय पाहिला. पण मागल्या खेळात मावशी उभी होती खांबामागं, त्याच्या आधी नोकर होता. दोघं गोड बोलायला लागली की खांबाला कान फुटतो."

तिथून तिला नादच लागला. राणीच्या हातून कुंकवाचा करंडा पडला की तो झाला 'सांडलेला करंडा'; नवऱ्याची वाईट बातमी पुढच्या दारातच उभी. लहानपणी हरवलेली मुलगी हातावरच्या गोंदणावरून सापडली की 'गोंदणाची ओळख'. फास गळ्यात पडता पडता राजपुत्र दौडत आला की 'घोडा'. ही नावं दुपारच्या सुट्टीत भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर खात्यात फिरायला लागली. मुकादमीण यंत्रांआड उभी राहून बायकांचं बोलणं ऐकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता ती दिसली की कुणीतरी म्हणायचं, "कंबद किवी गं!" आणि साऱ्याजणी गप्प. मुकादमिणीला कानडी येत नव्हती. ईरम्मा सिनेमाला नावं ठेवते, असं बायका हसून म्हणायच्या. पण सिनेमा बघून आल्यावर तिच्याभोवतीच जमायच्या.

एका रविवारी दोघी चांगली जागा धरायला लवकर गेल्या, तर थेटराचे मालक शिवलिंगप्पा दारात घाम पुसत उभे. रेल्वेनं आलेल्या पेटीत रिळांच्या आठ डब्या होत्या, पण आधीच्या गावात कुणीतरी रिळं वाटेल त्या डबीत कोंबली होती. सुरुवातीच्या फाटक्या पट्ट्या कापून टाकल्यामुळं आकडेही गेले होते. यंत्र चालवणारा भिमा हताश होऊन बसला होता.

"पाट्या वाचून लाव की रे," शिवलिंगप्पा म्हणाले.

"पाट्याबी कापल्यात, मालक," धोंडीराम म्हणाला. "ज्या उरल्यात त्यात एवढंच हाय, 'हाय रे दैवा!' आता दैवाला काय पहिल्या रिळातबी हाक मारतात आणि आठव्यातबी."

सोजरबाई ईरम्माला ढोसायला लागली. ईरम्मा मागं सरली, तेव्हा सोजरबाईच पुढं झाली. "मालक, हिला दाखवा. ही लावून देईल."

"ह्या अक्का?" शिवलिंगप्पांनी तिच्याकडं पाहिलं. गिरणीचं सूत अजून तिच्या केसांत अडकलेलं होतं. मग कानडीत विचारलं, "वाचता येतं?"

"न्हाय," ईरम्मा कानडीतच म्हणाली. "पण पडद्यावरचं कळतं."

दुसरा उपायही नव्हता. भिमानं एकेक रीळ थोडं थोडं चालवून दाखवलं. ईरम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्यात बाईच्या कपाळी कुंकू हाय, त्यात न्हाय, म्हणजे ते नंतरचं. ह्यात कान ऐकतोय, त्यात पत्र बदललंय. ऐकल्याशिवाय बदलणार कसं? घोडा शेवटून दुसरा. घोड्यानंतर देऊळ, देवळानंतर घरी जायचं." पाऊण तासात आठही डब्यांवर भिमानं खडूनं आकडे घातले.

खेळ सुरू झाला आणि सरळ चालला. पाचव्या रिळापर्यंत कुणाला काही कळलं नाही. सहाव्यात मात्र घोटाळा झाला. चौथ्या रिळात मरून, हार घालून, चितेवर गेलेली सासू ओसरीवर बसून सुनेला शिव्या देत होती. अख्खं थेटर हसायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "म्हातारी उठली!" धोंडीराम पाटी नसल्यानं तोंड उघडून नुसताच उभा. शिवलिंगप्पांनी कपाळाला हात लावला.

आणि बायकांमधून ईरम्मा उभी राहिली. चूक तिची होती, तिला ती दिसत होती. आवाज गिरणीच्या खडखडाटात बोलून तयार झालेला होता.

"उठली न्हाय!" ती म्हणाली. "सून आता एकटी पडली ना, तिला सासूची आठवण आली. शिव्या देत हुती, पण जेवायला थांबत हुती. बघा की, दोन ताटं हायेत."

पडद्यावर खरंच दोन ताटं होती. हसणं थांबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढलं. ईरम्मा तशीच उभी राहून रीळ संपेपर्यंत सांगत राहिली, थोडं मराठीत, अडलं की कानडीत.

खेळ सुटल्यावर शिवलिंगप्पा म्हणाले, "अक्का, पुढच्या रविवारपासून बायकांच्या खेळाला तुम्हीच सांगा."

धोंडीरामाचा चेहरा पडला. ते ईरम्माच्या लगेच ध्यानात आलं. "मला पाट्या वाचता येत न्हायत," ती म्हणाली. "धोंडीरामदादा पाट्या वाचतील. मी मधलं सांगते."

असं दोघांचं जमलं. धोंडीराम 'प्राणप्रिये' म्हणायचा आणि ईरम्मा लगेच सांगायची, "हा गोड बोलतोय, पण अंगठी कुटं हाय बघा. डाव्या हातात लपवलीय." भावाला हे पटलं नाही. विधवा बाईनं चारचौघांत उभं राहून बोलायचं, लोक काय म्हणतील? तो दोन महिने तिच्याशी धड बोलला नाही. मग त्याची बायको एका रविवारी गुपचूप खेळ बघून आली आणि घरी जाऊन म्हणाली, "लोक टाळ्या वाजवतात." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

एका नावाचा मात्र तिला राग होता. ते नाव 'बावी', म्हणजे विहीर. सिनेमात बाईवर आळ आला, नवऱ्यानं टाकली किंवा ती विधवा झाली की शेवटी ती केस मोकळे सोडून विहिरीकडं चालायला लागायची. मग पाण्यावर तरंग दिसायचे आणि पुरुष काठावर येऊन रडायचे. ईरम्मानं मोजलं नव्हतं, पण दर चौथ्या खेळात बावी असायचीच.

एका रविवारी तसाच सिनेमा होता. पडद्यावरची विधवा घागर घेऊन निघाली. धोंडीरामानं पाटी वाचली, "आता या जगात माझे कोण?" बाई विहिरीच्या काठावर पोचली, वाकली, पाण्यावर तरंग उठले.

"घागर बुडवली," ईरम्मा म्हणाली.

धोंडीरामानं चमकून तिच्याकडं पाहिलं.

"पाणी भरायला आली हुती. घागर भरली आणि गेली सोलापूरला. तितं गिरणी हाय. आता हे लोक रडतायत ते कशाला? त्यांच्या घरी पाणी कोण भरणार म्हणून!"

आधी एक हसली, मग दहा, मग सगळं थेटर हसायला आणि टाळ्या वाजवायला लागलं. शिवलिंगप्पांना तो हसण्याचा आवाज बाहेर ऐकू गेला. रडण्याच्या जागी बायका हसतात कशा म्हणून ते आत धावले. नंतर ते चांगलेच रागावले. "अक्का, सिनेमात जे आहे ते सांगायचं. शेवट बदलायचा नाही."

"पाण्यावर तरंग हुते, मालक. बाई मेलेली कुटं दाखवलीय?"

बाई मेलेली खरंच कुठं दाखवली नव्हती.

घरी जाताना सोजरबाईनं विचारलं, "तुला एवढा राग का गं त्या विहिरीचा?"

ईरम्मा म्हणाली, "नवरा गेला त्या वर्षी मी बी गेले हुते. काठावर उभी हुते. तितं कुणी नव्हतं, पाटी वाचायला बी न्हाय. उन्हानं पाय भाजायला लागले. मग घागर भरली आणि आले परत."

सोजरबाईनं तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. पुढच्या आठवड्यात बायकांनी तोच खेळ पुन्हा लावायला सांगितला. शिवलिंगप्पा कुरकुरले, पण लावला.

चार-पाच वर्षांनी बोलपट आले. थेटरात नवं यंत्र बसलं, भिंतीला कर्णे लागले आणि पडद्यावरची माणसं स्वतःच बोलायला, गायला लागली. धोंडीरामाचं काम गेलं, ईरम्माचंही. धोंडीराम बोलपटाला जायचाच नाही. ईरम्मा पहिल्याच रविवारी सोजरबाईला घेऊन गेली. भाषा हिंदुस्थानी होती, गाणी चौदा-पंधरा. बाहेर आल्यावर सोजरबाईनं विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की. पण गाणं लई ग्वाड हाय."

मग तिनंच धोंडीरामाला शोधून काढलं. तो बाजारात एका पेढीवर पत्रं लिहायला बसत होता. "दादा, आता मला वाचायला शिकवा," ती म्हणाली. थेटरात जुन्या पाट्यांच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. त्या उजेडासमोर धरून तो तिला अक्षरं शिकवायला लागला. वर्षभरात चाळिशीला आलेली ईरम्मा अडखळत का होईना वाचायला लागली.

जुनं मुकं यंत्र विकायला शिवलिंगप्पांचं मन होईना. जिथं वीज नाही, बोलपट नाही, अशा गावांना मुके खेळ न्यायचे असं त्यांनी ठरवलं आणि धोंडीराम, ईरम्मा दोघांनाही बोलावलं. ईरम्मानं गिरणी सोडली. आता धोंडीरामाच्या जोडीनं पाट्याही ती वाचायची, दोन भाषांत.

एकोणीसशे छत्तीसच्या माघात होटगीला खेळ होता. जंक्शनचं गाव, रेल्वेच्या कामावरची माणसं, शेतकरी, आसपासच्या वाड्यांवरची मेंढरं राखणारी कुटुंबं असे सगळे संध्याकाळी मोकळ्या जागेत बसले होते. पडद्यावर राजानं रागारागानं राणीला हाकललं आणि ती रानात चालायला लागली. ईरम्मा सांगत होती, तेवढ्यात पुढं बसलेली मायाक्का नावाची धनगराची तरुण बाई मोठ्यानं म्हणाली, "आता वाटेत हिला कुणीतरी भाकरी देणार."

"कशावरून?" ईरम्मानं विचारलं.

"राणी हाकलली की पहिली भाकरी गरिबाच्याच घरी मिळती. मागच्या खेळात बी तसंच हुतं."

बरोबर होतं. शंभरावर सिनेमे पाहून तिला हे कधी दिसलं नव्हतं.

"ह्याला काय म्हणायचं मग?" तिनं विचारलं.

मायाक्का लाजली, शेजारणीच्या आड तोंड लपवायला लागली. भिमा यंत्राजवळून ओरडला, "अक्का, रीळ पुढं चाललंय!"

"चालू दे की," ईरम्मा म्हणाली, आणि मायाक्काला हात करून पुढं बोलावलं. "ये हितं. उभी राहा. तूच सांग सगळ्यांना."